उन्हात ठेवलेल्या पाट्या

दर हिवाळ्यात सरकार मुंबईहून नागपूरला येतं, तेव्हा सिव्हिल लाइन्समधले मंत्र्यांचे बंगले उघडले जातात. गाद्यांना ऊन दिलं जातं, आवारातलं गवत खुरपलं जातं, आंघोळीच्या बंबांची राख काढली जाते आणि प्रत्येक फाटकावर एक पाटी लागते. कुठल्या फाटकावर कुणाची पाटी लागणार, याची यादी अकरा वर्षं माझ्याकडे होती. मी बंगल्यांची व्यवस्था पाहणाऱ्या कार्यालयात लिपिक होतो. पुढे माझी बदली झाली. आज मी दुसऱ्या खात्यात आहे, नोकरीची अजून सात वर्षं बाकी आहेत, आणि तरीही हे लिहितो आहे.

एका पक्षाचं सरकार होतं तेव्हा यादी सोपी होती. ज्येष्ठतेचा क्रम मुंबईहून यायचा, मी त्या क्रमानं बंगले टाकायचो. मग आघाडीचं सरकार आलं. दोन मोठे पक्ष, काही लहान, आणि काही एकेकटे आमदार, ज्यांच्यावाचून सरकारचं गणित जमत नव्हतं. मुंबईत खातेवाटपाची भांडणं संपली की उरलेली भांडणं गाडीत बसून नागपूरला यायची. एका लहान पक्षाच्या मंत्र्याचे पी.ए. एकदा मुख्यमंत्र्यांच्या फाटकापासून आपल्या साहेबांच्या फाटकापर्यंत पावलं मोजत आले.

"एकशे चाळीस," ते घाम पुसत म्हणाले. "आणि त्या दुसऱ्या पक्षाच्या मंत्र्यांचा बंगला शंभर पावलांवर. आमची किंमत चाळीस पावलांनी कमी आहे का हो?"

मी म्हणालो, "त्यांच्या पी.ए.चे पाय लांब असतील, साहेब."

ते हसले नाहीत. संध्याकाळी वरून फोन आला आणि मी दोन बंगले बदलले.

खाती तर फारच बदलत. अधिवेशन सुरू असताना एखाद्याचं एक खातं काढून दुसऱ्याला द्यायचं, रुसलेल्याला तिसरं द्यायचं. दर वेळी आख्खी पाटी नव्यानं रंगवावी लागायची. म्हणून मी एक युक्ती काढली. नावाची पाटी वेगळी, आणि तिच्याखाली दोन आकड्यांवर लटकणारी खात्याची पट्टी वेगळी. माणूस तोच राहिला आणि खातं बदललं, तर फक्त पट्टी काढायची. आमच्या साहेबांनी माझी पाठ थोपटली. हे सांगताना आजही मला थोडं बरं वाटतं, आणि याच युक्तीनं पुढे जे केलं ते आठवलं की वाटेनासं होतं.

पाट्या रंगवायचे शेषराव. नागपूरच्या महाल भागातले, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे, अंगानं किडकिडीत. काळ्या फळीवर पांढरी अक्षरं, दोरी न लावता सरळ रेषेत. चौदा वर्षं ते रोजंदारीवर होते. अधिवेशन आलं की रोज काम, गेलं की खिडक्या-दारं रंगवायची, तेही नसेल तर घरी बसायचं. त्यांची एक रीत होती. नव्या मंत्र्याच्या नावाची सगळी अक्षरं ते आधी काढून ठेवत, पण वरची शिरोरेषा ओढत नसत. शपथ झाली की पाटी फाटकावर लावायची आणि तिथेच उभं राहून रेषा ओढायची. तोपर्यंत ती पाटी ते बंद खोलीत भिंतीकडे तोंड करून ठेवत.

मी एकदा विचारलं, "काहून हो शेषराव, आताच ओढली तर काय होते?"

"बाबू, पोरगं जन्माले याच्या आंधी पाळण्याले नाव टाकत नाही ना आपण? हे बी तसंच हाय. शपथ व्हाच्या आंधी पाटी लोकाईच्या नजरेले पडू नये. राजकारनातला मानूस, अर्ध्या रस्त्यात बी मरते."

ऑफिसात सगळे त्यांच्या या रीतीला हसत. मीही हसायचो. पण चौदा वर्षांत त्यांनी ती एकदाही मोडली नव्हती, हे मला सगळ्यांत जास्त माहीत होतं.

त्या हिवाळ्यात रोजंदारीवरच्या चार माणसांना कायम करायची यादी वर गेली होती. शेषरावांचं नाव पहिलं होतं. मीच टाइप केलं होतं. ते रोज सकाळी आल्यावर विचारत, "बाबू, आला काय गा कागद?" आणि मी म्हणे, "अधिवेशन संपलं की येईल."

अधिवेशनाच्या दुसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी मुंबईहून आलेल्या एका सचिवांचा फोन आला. आवाज खाली होता. उद्या पाच वाजता राजभवनावर शपथविधी. दोन नवे मंत्री येणार, आणखी दोघांची खाती बदलणार. दोघांना जावं लागणार, पण ते त्यांना उद्या दुपारी सांगितलं जाणार. तोपर्यंत एक शब्द बाहेर जाता कामा नये. मी नावं आणि खाती लिहून घेतली आणि पुन्हा वाचून दाखवली.

जाणाऱ्यांतले एक आमच्याच भागातले होते. त्यांना मी इथे जुने मंत्री म्हणतो. त्यांच्या जागी त्यांच्याच जिल्ह्यातला, पण आघाडीतल्या दुसऱ्या पक्षाचा एक आमदार येणार होता. त्यांना नवे आमदार म्हणतो. जुन्या मंत्र्यांच्या मागे सहा-सात आमदार होते आणि सरकार तेवढ्यावरच तगलेलं होतं. त्यांना आधी कळलं तर काय होईल, हे सचिवांनी सांगायची गरज नव्हती.

शेषरावांनी त्याच संध्याकाळी काम उरकलं. दोन नावं, चार पट्ट्या. जाताना त्यांनी खोलीला कडी-कुलूप लावून चावी माझ्यापाशी ठेवली.

"सकाळी अकराले येतो, बाबू. तवर दार उघडू नका. वाळतीन त्या आपल्या आपन."

मी सकाळी साडेनऊला गेलो आणि दार उघडलं. खोली उत्तरेकडची, डिसेंबरची थंडी, आत विहिरीसारखा गारवा. एका पट्टीला बोट लावलं, बोट चिकटलं.  पाच वाजता शपथ, साडेपाचला फाटकावर पाटी पाहिजे, आणि नव्या मंत्र्याच्या स्वागताला आलेल्या लोकांच्या कपड्यांना रंग लागला तर उद्या माझ्यावर शेकणार. ऑफिसच्या मागे एक छोटं आवार होतं. तिथे बंबाची लाकडं रचलेली असत. लाकडं न्यायला माणसं पहाटे येतात, नंतर तिकडे कुणी फिरकत नाही. ऊन मात्र छान पडायचं.

सहाही फळ्या मी स्वतः बाहेर नेल्या आणि भिंतीला टेकवल्या. त्याहून वाईट म्हणजे मी त्या नीट लावल्या. ज्याची पट्टी त्याच्या नावाखाली. पट्टीची रुंदी बरोबर आहे का, आकडे जुळतात का, हे मला पाहायचं होतं. नव्या आमदारांच्या नावाखाली जुन्या मंत्र्यांच्या खात्याची पट्टी. दोन पावलं मागे सरून मी पाहिलं, आणि ती युक्ती माझी होती म्हणून मला समाधानही वाटलं.

तेवढ्यात आत फोन वाजला. तेच सचिव होते. पाट्या तयार का, नव्या मंत्र्यांच्या बंगल्यात आचारी कुठला, जाणाऱ्यांचं सामान हलवायला गाडी ठेवली का. वीस मिनिटं गेली असतील.

बाहेर आलो तर जुन्या मंत्र्यांचा ड्रायव्हर लाकडांच्या ढिगापाशी उभा होता. हातात रिकामी टोपली.

"बाबू, साहेबाईच्या बंबाची लाकडं सरली म्हणून आलो," तो म्हणाला. मग पाट्यांकडे हनुवटी केली. "हे आमच्या जिल्ह्यातल्या आमदाराची पाटी ना?"

"जुनी आहे ती."

त्यानं उजवं बोट वर केलं. बोटाला पांढरा रंग लागला होता.

"जुनीचा रंग लागते काय गा? आन आमच्या साहेबाईचं खातं त्याच्या नावाखाली काहून लावलं तुमी?"

 त्यानं टोपली तिथेच ठेवली आणि निघाला. पळाला नाही, पण लाकडंही नेली नाहीत.

फळ्या उचलून मी आत नेल्या, होत्या तशा भिंतीकडे तोंड करून ठेवल्या आणि कुलूप लावलं. त्याच वेळी साहेबांकडे जाऊन सांगायला हवं होतं. अजून दोन-अडीच तास मिळाले असते. वर कळवता आलं असतं, जुन्या मंत्र्यांना कुणी तरी जाऊन समजावलं असतं. मी टेबलाशी बसलो आणि गाद्यांचा तक्ता पुढे ओढला.

अकराला शेषराव आले. चावी घेऊन खोलीत गेले आणि लगेच बाहेर आले.

"दार उघडलं व्हतं काय, बाबू?"

"नाही. का?"

"रंगावर धूळ बसली हाय."

"खिडकीच्या फटीतून आली असेल."

ते ब्रश धुवायला गेले.

साडेबाराला जीप आली. जुने मंत्री स्वतः होते, बरोबर चार आमदार. आमचे अधिकारी वैरागडे साहेब लगबगीनं बाहेर आले. मंत्री त्यांच्या नमस्काराकडे न पाहता ओरडले, "मी जिवंत हाय अजून! माझी पाटी कोण उतरवून राहिलं?"

"साहेब, तसं काही नाही..."

"खोली उघडा."

शेषरावांनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी मान हलवली. कडी निघाली. मंत्र्यांनी नव्या आमदारांच्या नावाची पाटी फिरवली, वाचली, आणि कोट सांभाळत काखेत मारली. खात्याची पट्टी एका आमदारानं घेतली. जीप विधानभवनाच्या दिशेनं गेली. शेषराव दारात उभे होते. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. शिरोरेषा नसलेली पाटी भर दुपारी रस्त्यावरून चालली होती.

त्यानंतरचे अडीच तास आमचा फोन थांबला नाही. सहा आमदारांनी राजीनामे लिहून दिले म्हणे. मग नऊ झाले. मग मुख्यमंत्र्यांच्या दालनाला आतून कडी लागली. तीन वाजता निरोप आला की आजचा शपथविधी नाही, आणि तो कधी ठरलाच नव्हता.

नव्या आमदारांना कुणी कळवलं नव्हतं. ते सव्वातीनला आमच्या फाटकाशी आले. मागे ट्रकभर माणसं, नवे फेटे, बायकोच्या हातात ओवाळणीचं ताट. ते थेट माझ्या टेबलाशी आले.

"बाबूजी, आमची पाटी झाली म्हणे?"

मी साहेबांच्या खोलीकडे बोट दाखवलं. ते आत गेले आणि पाच मिनिटांनी बाहेर आले. बायकोजवळ जाऊन हळूच म्हणाले, "ताट झाक वं." त्या बाईनं पदरानं ताट झाकलं. ते पुढे कधीच मंत्री झाले नाहीत.

साडेतीनला ते सचिव आमच्या ऑफिसात आले. वैरागडे साहेब त्यांच्यासमोर उभे होते, साहेबांमागे मी.

"पाट्या बाहेर कुणी ठेवल्या?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं.

माझी वरच्या जागेवर नेमणूक होऊन चार महिने झाले होते. ती पक्की व्हायची होती. बायकोला सातवा महिना होता. प्रताप नगरातलं भाड्याचं घर मी त्या जागेच्या भरवशावर घेतलं होतं. कारणं म्हणून नाही, त्या दोन-तीन सेकंदांत डोक्यात काय आलं ते सांगतो. मी म्हणालो, "शेषरावनं ठेवल्या असतील, साहेब."

'असतील' म्हणालो. ठेवल्या असं म्हणालो नाही. पुढे कितीतरी वर्षं मी या 'असतील'च्या आडोशाला राहिलो.

शेषरावांना बोलावलं. ते हात पुसत आले.

"पाट्या तुम्ही बाहेर ठेवल्या?" सचिवांनी विचारलं.

"नाही साहेब. मी तं अकराले आलो. आलो तवा धूळ बसली व्हती."

"मग कुणी ठेवल्या?"

"बाबूनं ठेवल्या असतीन. चाबी त्यायच्यापाशीच व्हती."

सगळे माझ्याकडे वळले. मी म्हणालो, "मी सकाळपासून फोनवर होतो, साहेब." आणि ते अर्धं खरंच होतं.

शेषराव एक पाऊल पुढे आले. "साहेब, इथल्या कोनालेबी इचारा. बिनारेघेची पाटी म्या आजपावतर कोनाले दाखवली काय? चौदा सालात एकडाव तरी? बाबू, तुमीच सांगा ना. तुमाले मालूम हाय."

मला माहीत होतं. त्या खोलीत ही साक्ष देऊ शकेल असा मी एकटाच, असं तेव्हा मला वाटत होतं. मी टेबलावरच्या टाचणीच्या डबीकडे पाहत राहिलो.

सचिव म्हणाले, "ही कसली रेघ? मला हे ऐकायचं नाही." आणि ते उठले.

दुसऱ्या दिवशी ज्ञापन निघालं. गोपनीयतेचा भंग आणि निष्काळजीपणा, म्हणून कामावरून कमी. ते मीच टाइप केलं. कायम करायच्या यादीत चौघांचे तिघे झाले. तीही मीच पुन्हा टाइप केली. शेषराव ब्रश आणि डबे न्यायला आले तेव्हा माझ्या टेबलाशी थांबले.

"बाबू, तुमाले भेव वाटलं, हे मले समजते. पन माह्यं नाव काहून घेतलं? मालूम नाही म्हनले असते तरी चाललं असतं ना."

मी ज्ञापनाची प्रत त्यांच्यापुढे सरकवली.

तीन आठवड्यांनी मुंबईत फेरबदल झालाच. जुन्या मंत्र्यांना आधीपेक्षा मोठं खातं मिळालं. पुढे ते सरकार पडलं, नवं आलं, त्यातही ते होते. सचिव बढतीवर गेले. माझी जागा पक्की झाली. शेषराव दुसऱ्या एका सरकारी कार्यालयात काम मागायला गेले, तर त्यांनी आमच्याकडे विचारणा केली. ज्ञापनाची प्रत पाठवावी लागली. ते मग महालात एका गल्लीच्या तोंडाशी बसून स्कूटरचे नंबर रंगवू लागले. मी बाजाराला त्या बाजूनं जाणं सोडलं.

दोन वर्षांनी मला एक संधी आली होती. पुन्हा रोजंदारीची यादी निघाली आणि मी शेषरावांचं नाव घातलं. फाइल वरून परत आली, समासात प्रश्न होता: यांना पूर्वी कोणत्या कारणाने कमी केले होते, खुलासा करावा. तीन ओळींचा खुलासा पुरला असता. मी फाइल चार दिवस कपाटात ठेवली आणि नाव वगळून पाठवली. लोक पहिल्या खोट्याला भीतीचं निमित्त देतात. या दुसऱ्या वेळी मला कुणी धमकावलं नव्हतं, बायको-मुलगी सुखरूप होत्या, जागा पक्की होती. म्हणून मला ही दुसरी वेळ जास्त जड जाते.

यंदा या अंकासाठी नोकरीतल्या आठवणी लिहा, असं संपादकांचं पत्र आलं. मी पावलं मोजणाऱ्या पी.ए.ची गोष्ट लिहिली, आणखी दोन-चार गमती लिहिल्या. वाचून पाहिलं आणि फाडलं. मग धरमपेठेत वैरागडे साहेबांकडे गेलो. ते निवृत्त झाले आहेत, झोपाळ्यावर बसले होते. मी सगळं सांगितलं. ते ऐकत असताना झोपाळा हलत होता, तो काही थांबला नाही.

"मला माहीत होतं," ते म्हणाले.

"तुम्हाला?"

"अहो, शेषरावला मी तुमच्याआधी ओळखत होतो. तो पाटी बाहेर ठेवतो का? पण अधिवेशनाचे आठ दिवस बाकी होते. बंगल्यांची यादी तुमच्या डोक्यात होती. तुम्हाला काढलं असतं तर ऑफिस कोसळलं असतं. तुम्ही त्याचं नाव घेतलं, माझं काम सोपं झालं." मग म्हणाले, "चहा घेणार?"

मी चहा घेतला नाही. तिथून सायकल थेट महालात नेली. शेषराव एका स्कूटरच्या मडगार्डवर वाकले होते. केस पांढरे झाले आहेत, हात अजून स्थिर आहे. मी शेजारी उभा राहून बोलायला लागलो. त्यांनी आकडा पुरा होईपर्यंत मान वर केली नाही.

"हे तं मले मालूम हाय," ते म्हणाले. "नवं काय सांगून राहिले?"

"हे मी मासिकात छापतो आहे. सगळं. माझ्या नावानं."

"मासिकात?" ते हसले. "अहो बाबू, माह्या बायकोले वाचता येत नाही आन ऑफिसातले लोक मासिक वाचत नाही. मले कामावरून काहाडलं थे कागदानं. मासिकानं काहाडलं काय? कागद लिवा."

"आता कायम होण्याचं वय..."

"कायम होयाले कोन म्हनून राहिलं? त्या कागदावर लिवलं हाय का म्या गद्दारी केली. थे खोडा म्हनतो. माह्या देखत खोडा."

सोमवारी अर्धी रजा टाकून मी जुन्या ऑफिसात गेलो. शेषराव धुतलेला सदरा घालून फाटकाशी उभे होते. अर्जात मी लिहिलं होतं की पाट्या मी बाहेर ठेवल्या, चौकशीत मी खोटं बोललो, नंतर खुलासा मागितला असता तो मी टाळला, सबब सदर ज्ञापन रद्द करावे व माझ्यावर योग्य ती कारवाई करावी. आवक घेणाऱ्या लिपिकानं अर्ज वाचला, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा वाचला.

"साहेब, हे आत घेऊ ना? एकदा शिक्का बसला की परत देता येत नाही."

शेषराव माझ्याकडे पाहत होते. चौकशीच्या दिवशी पाहत होते तसेच, माझ्या बोलण्याची वाट पाहत.

"घ्या," मी म्हणालो.

शिक्का बसला. पोच शेषरावांनी माझ्या हातातून घेतली, नीट घडी केली आणि वरच्या खिशात ठेवली. अर्जावर निर्णय अजून आलेला नाही.